लोण्याचा आठवडा, माफीचा रविवार

2025 मध्ये 2 मार्चला, रविवारी, आपल्याकडे पहिला रोजा झाला. त्याच रविवारी रशियात मास्लेनित्सा संपली. 'मास्लो' म्हणजे लोणी आणि मास्लेनित्सा म्हणजे लोण्याचा आठवडा. सोमवार ते रविवार सात दिवस घरोघरी ब्लिनी भाजायच्या, खायच्या, दुसऱ्यांना खिलवायच्या, बर्फात हुंदडायचं आणि आठव्या दिवसापासून मोठ्या उपासाला लागायचं. 2025 मध्ये हा आठवा दिवस 3 मार्चला आला. म्हणजे आपण सहरीचे पहिले घास घेत होतो तेव्हा तिकडे लोण्याचा शेवटचा दिवस उजाडत होता.

रशियातल्या मुसलमानांची तर गंमतच झाली. तिथे रमजान आपल्या एक दिवस आधी, 1 मार्चला लागला. मॉस्को किंवा कझानच्या रोजेदाराला मास्लेनित्साचा सगळ्यांत गजबजलेला शनिवार-रविवार रोजा धरून, रस्त्यावरच्या तापल्या तव्यांचा वास घेत काढावा लागला असणार. त्यांना याचं नवल नाही. व्होल्गाकाठी इस्लाम पोचला तो इब्न फदलानच्या काळात, 922 साली. अकराशे वर्षं ते या बर्फात रोजे धरत आहेत आणि त्यांच्या शेजारी या ना त्या रूपात हा हिवाळा सरण्याचा सण चालू आहे.

रमजानच्या पानावर रशियन सणाचं काय काम, असं कोणी विचारेल. मला वाटतं, काम आहे. रोजा आपल्याआधीच्या लोकांवरही फर्ज होता, हे सूरह बकरहमध्ये रोजाच्या हुकुमातच सांगितलेलं आहे. दरवर्षी पहिल्या जुम्याला आपण ते ऐकतो आणि पुढे जातो. ते आधीचे लोक कोण, ते उपास कसा धरतात, त्याआधी काय खातात, उपासाला बसताना एकमेकांशी कसे वागतात, याची चौकशी आपण सहसा करत नाही.

त्यांच्या उपासाचा हिशेब आपल्याहून वेगळा. आपला रोजा घड्याळावर चालतो. फजरपासून मगरिबपर्यंत पाण्याचा थेंब नाही, मगरिबनंतर सगळं हलाल अन्न खुलं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती माणसाचा मोठा उपास पदार्थावर चालतो. मांस नाही, दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही, दोन ठरावीक दिवस सोडले तर मासेही नाहीत आणि कडक दिवसांत तेलसुद्धा नाही. हे 2025 मध्ये 3 मार्चपासून 19 एप्रिलपर्यंत, म्हणजे 48 दिवस. मांस तर त्यांनी मास्लेनित्सा लागण्याच्या आदल्या रविवारीच बंद केलेलं असतं. उरलेल्या आठवड्यात घरातलं दूध, लोणी, अंडी, चीज संपवायचं. मग या सगळ्याचं काय करायचं? पिठात कालवायचं आणि तव्यावर घालायचं. सणाचं मूळ हे इतकं साधं, घरगुती आहे. गोव्यात याच दिवसांत इंत्रूज असतो, तोही ख्रिस्ती उपासाच्या उंबरठ्यावरचाच सण. फरक एवढाच की गोव्यात नाचगाणं पुढे आलं आणि रशियात तवा.

ब्लिन म्हणजे पातळ, गोल, सोनेरी धिरडं. आपल्याकडच्या आंबोळीची ती जवळची बहीण म्हणता येईल, कारण जुन्या पद्धतीत तिचं पीठही आंबवतात. यीस्ट घालून ते काही तास, कधी रात्रभर ठेवतात आणि बुडबुडे आले की बिडाच्या तव्यावर घालतात. तव्याला तेल लावायला काट्याला अर्धा बटाटा किंवा कांदा टोचून घेतात. कोकणात घावन घालणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगा, ती म्हणेल, मग दुसरं कशाने लावणार? पहिली ब्लिन नेहमी चिकटते, गोळा होते, अशी रशियन भाषेत म्हणच आहे आणि ती कुठल्याही कामाच्या बिघडलेल्या सुरुवातीला लावतात. पूर्वी पीठ बहुतेक बकव्हीटचं असे. बकव्हीट म्हणजे उत्तर हिंदुस्तानातला कुट्टू. आपल्या देशात लाखो लोक जे पीठ उपासाला खातात, ते रशियात उपासाआधीच्या मेजवानीचं पीठ आहे. वर काय घालायचं ते ऐपतीप्रमाणे. आंबवलेली घट्ट साय, तिला स्मेताना म्हणतात, मध, मुरांबा, खारवलेला मासा, पैसा असेल तर कॅव्हिअर. शेजारी सामोवारमधला चहा.

ब्लिनी गोल आणि पिवळी असते म्हणून ती सूर्याचं प्रतीक, हिवाळा संपून सूर्य परत येतो त्याचा हा सण, असं सगळीकडे सांगितलं जातं. मला हे स्पष्टीकरण जरा सोयीचं वाटतं. गोल तर आपली भाकरीही असते. ब्लिनी रशियात माणूस गेल्यानंतरच्या जेवणातही करतात आणि मास्लेनित्साची पहिली ब्लिन कित्येक घरांत भिकाऱ्याला दिली जाई, आपल्या मयत माणसांची आठवण ठेव म्हणून. शबे-बरातला आपल्याकडे हलवा करून शेजारीपाजारी वाटतात, कुणाच्या नावाने फातिहा देतात. काही आलिमांना ते पटत नाही, पण बायका करतात. रशियातही पाद्री मंडळींना या सणातलं बरंच काही पटलेलं नाही, आणि तिथल्या बायकांनीही तवा खाली उतरवलेला नाही. त्या पहिल्या ब्लिनीत मला सूर्यापेक्षा गेलेल्या माणसाची आठवण जास्त दिसते.

आठवड्याच्या प्रत्येक दिवसाला नाव आहे. सोमवार स्वागताचा, त्या दिवशी गवताची बाहुली करून तिला बाईचे कपडे घालतात. मंगळवार खेळांचा. गुरुवारपासून मोठी मास्लेनित्सा, कामं बंद. पण मला रस वाटतो तो बुधवार, शुक्रवार आणि शनिवारमध्ये. बुधवारी सासू जावयाला ब्लिनी खायला बोलावते. शुक्रवारी उलटं, जावयाने सासूला बोलवायचं आणि खाऊ घालायचं. शनिवारी नव्या सुनेने नणंदांना बोलवायचं, त्यांना भेट द्यायची. धोंड्याच्या महिन्यात आपल्याकडे जावयाचे लाड होतात ते सर्वांना माहीत आहे, पण सासूला जेवू घालण्याची पाळी जावयावर आणणारा दिवस मला तरी आपल्या कुठल्याच पंचांगात दिसलेला नाही. त्या वर्षी लग्न झालेली जोडपी या सणाची खरी मानकरी असत. त्यांना घसरगाडीवरून टेकडी उतरायला लावत, बर्फात लोळवत, चारचौघांत थट्टा करत. नातं जिथे कुरकुरायची शक्यता जास्त, तिथेच या सणाने लोणी लावलेलं आहे.

बाकी धमाल भरपूर. घोड्यांच्या घसरगाड्या, बर्फाचे डोंगर, एका आळीने दुसऱ्या आळीविरुद्ध उभं राहून केलेली ठोसेबाजी. सायबेरियात बर्फाचा किल्ला करून घोडेस्वारांनी तो जिंकायचा खेळ असे. वासिली सुरिकोव्हने 1891 मध्ये त्याचं मोठं चित्र काढलं. पीटर द ग्रेटने तर 1722 च्या मास्लेनित्साला मॉस्कोच्या बर्फावर घसरगाड्यांवर जहाजं चढवून मिरवणूक काढली होती. बोरिस कुस्तोदिएव्ह हा चित्रकार मणक्याच्या आजाराने कंबरेखाली लुळा पडला, खुर्चीला खिळला आणि पुन्हा पुन्हा मास्लेनित्साचीच चित्रं काढत राहिला. त्यातलं एक 1919 चं आहे, यादवी युद्धाच्या, उपासमारीच्या वर्षातलं. चित्रात मात्र घोडे धावत आहेत, आभाळ गुलाबी-हिरवं आहे, बाजार भरलेला आहे. ज्याच्या ताटात काही नव्हतं त्या शहराने भरल्या ताटाची आठवण अशी जपली.

आणि चेखोव्ह. 1886 मध्ये त्याने मास्लेनित्सावर दोन-तीन छोट्या गोष्टी लिहिल्या. एकीत एक सरकारी अधिकारी जेवायला बसलेला आहे. ब्लिनी येतात, तो लोणी ओततो, कॅव्हिअर पसरतो, साय घालतो, मासा ठेवतो, गुंडाळी करतो, व्होडका घेतो, तोंड उघडतो आणि तेवढ्यात त्याला झटका येऊन तो मरतो. दुसरीत मॉस्कोच्या एका खाणावळीत एक फ्रेंच विदूषक शेजारच्या माणसाला ब्लिनींच्या राशी संपवताना बघतो आणि हा जिवावर उदार झालाय की काय म्हणून घाबरतो. मग आजूबाजूला बघतो तर सगळेच तसे खात असतात. चेखोव्ह धर्मोपदेशक नव्हता, पण उपासाच्या नावाने होणाऱ्या खाण्याविषयी त्याच्याइतकं बोचरं फार थोड्यांनी लिहिलं असेल.

या गोष्टी मी वाचते तेव्हा मला मॉस्को दिसत नाही, मिनारा मशिदीची गल्ली दिसते. मुंबईच्या रमजानचंही स्वतःचं धिरडं आहे. परातीएवढ्या कढईत अंड्याचं पीठ ओतून तळलेला, मावा भरलेला, रबडी ओतलेला मालपुवा. तरावीहनंतर मोहम्मद अली रोडला पाय ठेवायला जागा नसते. गर्दीत रोजेदार किती आणि फोटो काढणारे किती हे मोजायच्या भानगडीत मी पडणार नाही. बिगरमुस्लिम तरुण मुलंमुली तिथे येतात, खिरी-कबाबवर ताव मारतात, याचा मला आनंदच आहे. आपल्यातल्या काहींना तो खुपतो. रमजान म्हणजे खाऊगल्ली झाली, इबादत गेली, असं ते म्हणतात. मला त्यांची तक्रार समजते, पण आरोपी चुकीचा पकडलाय असं वाटतं.

रशियात काय झालं ते बघा. सोव्हिएत काळात चर्चचे सण मागे पडले. मास्लेनित्सा मात्र 'रशियन हिवाळ्याला निरोप' अशा सरकारी नावाने बागांमध्ये, चौकांमध्ये परत आली. खाणं होतं, गाणं होतं, घसरगाड्या होत्या. पुढच्या उपासाचं नाव काढायचं नव्हतं. आज चर्चं पुन्हा उघडली आहेत, मास्लेनित्साही जोरात आहे, मॉस्कोच्या चौकाचौकांत ब्लिनींचे ठेले लागतात. पण आठवडाभर ब्लिनी खाणारे सगळेच सोमवारी उपासाला बसतात असं मुळीच नाही. त्यातल्या बहुतेकांच्या लेखी तो उपासाआधीचा आठवडा राहिलेलाच नाही, नुसता धिरड्यांचा आठवडा झाला आहे. खाणं टिकाऊ असतं. राजवटी बदलल्या तरी ते टिकतं, कारण त्याला श्रद्धेची गरज नसते. मालपुव्याचंही तेच आहे, तो आपल्या मदतीशिवाय टिकेल. त्याला दोष देऊन काय मिळणार?

मला जे खुपतं ते गल्लीतलं नाही, घरातलं आहे. मास्लेनित्सानंतरच्या सोमवाराला स्वच्छ सोमवार म्हणतात. त्या दिवशी लोक हमामात जाऊन अंग घासतात आणि घरातली लोण्या-चरबीची भांडीही घासून लख्ख करतात. आठवडाभर ज्या हातांनी ब्लिनी भाजल्या त्याच हातांनी ती भांडी घासली असणार, हे कुठल्याही चित्रात नाही. आपल्याकडे तीस दिवस रोज असा सोमवार असतो. नोकरी करणारी बाई चारला घरी येते, रोजा धरलेला असतो, आणि मगरिबपर्यंत ओट्याशी उभी. भजी, समोसे, चना, फालुदा, शिवाय कोणाला खीमा हवा, कोणाला बिर्याणी. मीठ चाखायची सोय नाही. अजान होते तेव्हा सगळे दस्तरखानावर बसलेले असतात आणि ती शेवटची भजी काढत उभ्याउभ्या खजूर तोंडात टाकते. मग भांडी, मग तरावीहला जाणाऱ्यांचे कपडे, मग तीनला उठून सहरी. तिने कुरआनचे किती पारे वाचावेत अशी अपेक्षा आहे? माझ्या वर्गातल्या मुली रमजानमध्ये डुलक्या घेतात, मुलं त्या मानाने ताजी असतात. कारण मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. मशिदीतल्या तकरीरीत यावर एक जुमा खर्च झाला तर फार बिघडणार नाही.

असो. मास्लेनित्साचा ज्या दिवसासाठी मी हे लिहायला घेतलं तो शेवटचा रविवार. त्याचं नाव माफीचा रविवार. संध्याकाळच्या प्रार्थनेत चर्चमधले उजळ रंगाचे पडदे आणि पोशाख बदलून गडद होतात. मग पाद्री स्वतः लोकांपुढे वाकतो आणि आपल्या चुकांबद्दल त्यांची माफी मागतो. आधी तो. त्यानंतर लोक एकेक करून त्याच्यापुढे आणि एकमेकांपुढे येतात, वाकतात, मला माफ कर म्हणतात. समोरचा म्हणतो, देव माफ करतो, मीही करतो. पूर्वी खेड्यांत लोक घरोघर जात, धाकटे थोरल्यांच्या पाया पडत, कबरस्तानात जाऊन मेलेल्यांचीही माफी मागत. त्यानंतर गावाबाहेर ती गवताची बाहुली पेटवली जाई. खाणं, नाचणं, ठोसे, सगळं त्या एका संध्याकाळपाशी येऊन थांबतं, कारण उद्यापासून उपास आहे आणि मनात कोणाविषयी अढी ठेवून उपासाला बसायचं नाही.

आपल्याकडे हा विचार नाही असं कोणी म्हणू नये. हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद हा फरक लहानपणी मदरशात शिकवला जातो. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबा आहे, त्याची रहमत मोठी आहे. पण बंद्याचा हक्क मारला असेल तर आधी त्या बंद्याकडे जावं लागतं. शबे-बरातच्या रात्री सगळ्यांची मगफिरत होते पण मनात कीना ठेवणाऱ्याची होत नाही, अशी रिवायत आपण दरवर्षी ऐकतो. आणि करतो काय? शाबानची पंधरावी आली की मोबाइलवर गुलाबाची फुलं आणि चंद्र घेऊन एकच मजकूर फिरत येतो. जाणते-अजाणतेपणी दिल दुखावलं असेल तर माफ करा. तो मजकूर मला माझ्या शेजारणीकडून येतो, कॉलेजच्या शिपायाकडून येतो, मला कधीही न भेटलेल्या माणसांकडून येतो. ज्या दोन-तीन माणसांकडून यायला हवा त्यांच्याकडून येत नाही, आणि ज्या दोन-तीन माणसांना मी पाठवायला हवा त्यांना मीही पाठवत नाही. वारसाहक्काच्या खोलीवरून वर्षानुवर्षं न बोलणारे सख्खे भाऊ तरावीहच्या एकाच सफमध्ये चार माणसं सोडून उभे असतात. सलाम फेरताना मान वळते, नजर वळत नाही. बहिणीचा हिस्सा दाबून बसलेला माणूस सत्ताविसाव्या रात्री रडून दुआ मागतो. हे दृश्य ज्याच्या मोहल्ल्यात नाही त्याने हात वर करावा.

रशियातही आता मोबाइलवरच माफ्या फिरतात, त्यामुळे ते पुण्यवान आणि आपण पापी असा हिशेब मांडायचं कारण नाही. पण त्या विधीची रचना मला पटते. तिथे माफी मागणं हे माणसाच्या लहरीवर सोडलेलं नाही. त्याला दिवस आहे, वेळ आहे, जागा आहे आणि सुरुवात सगळ्यांत मोठ्या माणसाने करायची आहे. आपल्या इमामसाहेबांनी, जमातीच्या सदरसाहेबांनी, मशिदीच्या ट्रस्टींनी रमजानच्या चांदरातीला मिंबरसमोर उभं राहून, माझ्याकडून या वर्षात कोणाला त्रास झाला असेल तर इथेच सांगा, असं म्हटलं तर काय होईल? मला ठाऊक आहे, काही ठिकाणी सकाळपर्यंत सभा संपणार नाही. चालेल की.

अर्थात विधी असला म्हणजे माणूस सुधारला असं होत नाही, हेही याच रविवाराने दाखवलं आहे. 2022 मध्ये माफीचा रविवार 6 मार्चला होता. रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसून दहा दिवस झाले होते. त्या दिवशी मॉस्कोच्या सर्वांत मोठ्या कॅथेड्रलमध्ये पॅट्रिआर्क किरिल यांनी प्रवचन दिलं. माफीच्या दिवसाचं प्रवचन, त्यांच्या चर्चला मानणारी लाखो माणसं सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना. त्यांनी माफीचं महत्त्व सांगितलं आणि न्यायाशिवाय माफी म्हणजे शरणागती अशी पुस्ती जोडली. त्या युद्धाला त्यांनी पाश्चात्त्यांच्या अनीतीविरुद्धच्या लढाईचा रंग दिला. युक्रेनमध्येही हाच आठवडा पाळतात. तिथे ब्लिनींपेक्षा वारेनिकींना मान आहे, ताज्या चीजचं सारण भरून पाण्यात उकळलेल्या करंज्याच म्हणा ना. खारकीव्ह आणि मारिउपोलची माणसं त्या रविवारी तळघरात बसली होती. पाद्रीने आधी वाकायचं असतं, तो वाकला नाही की काय होतं, ते जगाने बघितलं.

हे आपल्यापासून लांबचं आहे असं समजू नका. 2025 मध्ये होळी गुरुवारी पेटली. शुक्रवारी धूलिवंदन आणि रमजानचा दुसरा जुमा एकाच दिवशी आले. होळीची लाकडं आणि मास्लेनित्साची गवताची बाहुली यांचं नातं जाणकारांनी सांगावं, मला दोन्हींत सरणारी थंडी दिसते. पण त्याआधीचे आठ दिवस माझ्या फोनवर दोन्हीकडचे जे संदेश येत होते त्यांत थंडीचा विषय नव्हता. कोणाचा रंग कोणाच्या कपड्यावर पडला तर काय करायचं याचे आराखडे होते. मी रंग खेळत नाही. पण माझ्या इमारतीतल्या पोरांनी माझ्या दाराला रंगाचा हात लावला तर ते दार धुता येतं, हे माझ्या घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. पुरणपोळी येणार होती, ती मगरिबला उघडायची होती. ईदला शीरखुर्मा जाणार होता. या देवाणघेवाणीला काही जण मुशाबहत म्हणतात, दुसऱ्यांच्या रीतीची नक्कल. शेजाऱ्याच्या ताटातलं हलाल अन्न खाणं ही नक्कल कशी होते, ते मला अजून कोणी नीट समजावलेलं नाही. कझानच्या तातार घरांत ईदच्या सकाळी तव्यावर कोयमाक होतात. तीही आंबवलेल्या पिठाची धिरडीच. रशियन शेजाऱ्याची ब्लिन आणि तातार घराचं कोयमाक एकाच प्रकारच्या तव्यावर भाजलं गेलं म्हणून कोणाचा कलमा बदललेला नाही.

उपास आणि शेजार यांची एक जुनी गोष्ट आपल्या मातीतलीच आहे. अफानासी निकितिन हा त्वेर शहराचा व्यापारी 1470 च्या आसपास घोडा घेऊन चौलला उतरला. रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 1957 मध्ये त्याच्यावर 'परदेसी' हा सिनेमा काढला, त्यात नर्गिस होती. सिनेमा रम्य आहे. निकितिनने स्वतः लिहून ठेवलेला प्रवास मात्र तसा रम्य नाही. अस्त्रखानजवळ त्याला लुटलं होतं, त्यात त्याची धर्माची पुस्तकं गेली होती. पुस्तकं नाहीत म्हणजे ईस्टर कधी, मोठा उपास कधी लागणार, मास्लेनित्सा कधी, काहीच कळायला मार्ग नाही. त्यांचे हे सगळे दिवस गणिताने ठरतात आणि ते गणित चोरीला गेलेलं. पावसाळ्यात तो जुन्नरला अडकला. तिथल्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि मुसलमान हो, घोडा देतो, वर हजार मोहरा देतो, नाही तर घोडाही ठेवतो आणि तुझ्याकडूनच हजार मोहरा घेतो, असं सांगितलं. चार दिवसांची मुदत. त्याला यातून सोडवलं ते महंमद नावाच्या एका खुरासानी मुसलमानाने, खानाकडे रदबदली करून. घोडाही परत मिळाला. असदखान आणि हा महंमद, दोघेही एकाच किबल्याकडे तोंड करून नमाज पढत असणार. आपण कोणाच्या बाजूचे, हा प्रश्न साडेपाचशे वर्षांनीही शिळा झालेला नाही.

पुढे दख्खनमध्ये फिरताना निकितिनने एक तोड काढली. आपला उपास कधी ते कळत नाही, तर या लोकांचा रमजान लागेल तेव्हा आपणही उपास धरायचा. त्याने महिनाभर धरला. पण आपल्यासारखा नाही. मांस नाही, उपासाला न चालणारं काही नाही, दिवसातून दोनदा फक्त भाकरी आणि पाणी. महिना आपला, पथ्य त्याच्या घरचं. त्याचं लिखाण जसजसं पुढे जातं तसतसे त्यात रशियनच्या मध्ये तुर्की, फारसी, अरबी शब्द येत जातात आणि शेवटची प्रार्थना तर अशी आहे की त्याने धर्म बदलला होता का यावर विद्वान अजून वाद घालतात. वाद घालू देत. परमुलखात, कॅलेंडर हरवलेल्या एका माणसाला उपासाचे दिवस सापडले ते आपल्या मोहल्ल्यातल्या सहरीच्या हाकेवरून, एवढं मला पुरे आहे. तो त्वेरला परत पोचला नाही, वाटेत स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या म्हणून आपल्याला हे कळलं.

2025 मध्ये आपली ईद 31 मार्चला झाली. तेव्हा त्वेरचे उपासकरी अर्ध्या वाटेवर होते. लोणी त्यांना मिळालं ते 20 एप्रिलला.